बॅजची मागची बाजू

फौजी बॅज हातात आला की मी तो आधी उलटा करते. पुढची बाजू बघायची घाई नसते, कारण ती कुठेही बघायला मिळते, पुस्तकात, इंटरनेटवर, इंदूरजवळच्या महू छावणीच्या बाजारात सामान घ्यायला आलेल्या जवानाच्या टोपीवर. एका पलटणीचे हजारो बॅज पुढून सारखेच असतात, ते तसे असावेत म्हणूनच साच्यातून काढलेले असतात. मागे मात्र कधीकधी कुणीतरी काहीतरी खरवडून ठेवलेलं असतं. चार आकडे, दोन अक्षरं, एखादी फुली. खिळ्यानं, चाकूच्या टोकानं, हाताला जे लागलं त्यानं. मला या ओरखड्यांचं वेड आहे आणि आज त्यावर जरा निवांत लिहायचंय.

ज्यांनी कधी असा बॅज उलटा करून बघितलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. शिपायांचा जुना बॅज म्हणजे पितळेचा पत्रा, दोन डायच्या, म्हणजे साच्यांच्या, मध्ये दाबून काढलेला, त्यामुळे पुढे जे उठून आलंय ते मागे खोलगट दिसतं. पुढे बिगुल असेल तर मागे बिगुलाच्या आकाराचा खड्डा. त्यावर डाग देऊन बसवलेली एक उभी पट्टी असते, तिला स्लायडर म्हणतात, ती टोपीच्या नाहीतर पगडीच्या फटीत सरकवायची. किंवा मग दोन छोट्या कड्या असतात, त्यातून पिन घालायची. हे सगळं सोडून जी जागा उरते ती बोटाच्या पेराएवढी. तेवढ्यात शिपायानं लिहायचं.

आणि पितळेवर टोकानं लिहिणं सोपं नाही, कधी करून बघा. सरळ रेघ ओढता येते, वळण घेता येत नाही, टोक घसरतं. म्हणून या बॅजांवरचे आकडे सगळे कोनाकोनांचे असतात. इंग्रजी एक, चार आणि सात मजेत निघतात. आठाचे मात्र दोन चौकोन होतात एकावर एक, किंवा दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, आणि सहा बघितला तर तो जवळजवळ एखाद्या खुर्चीचं चित्र वाटतो. काहींनी रेघ ओढण्याचा नादच सोडून दिलेला असतो आणि खिळा ठेवून ठोकत ठोकत ठिपक्यांचे आकडे केलेले असतात. मला हे ठिपकेवाले फार आवडतात, कारण त्यात वेळ दिसतो. कुणीतरी बॅरकमध्ये बसून, बॅज लाकडावर पालथा घालून, बेतानं ठोके मारलेत, कारण जोरात मारला तर पुढच्या बाजूला टेंगूळ येणार आणि मग परेडला हवालदारानं ते बघितलं की झालं.

हे करायचे कशासाठी, तर कारण अगदी साधं. बॅरकमध्ये एका ओळीत सगळ्यांच्या खाटा, सगळ्यांचं किट सारखं, ब्रश सारखे, चमचे सारखे, बॅज सारखे. एखादी वस्तू हरवली तर ती पगारातून कापली जायची. मग आपला बॅज शेजारच्यानं उचलला तर तो आपला आहे हे कसं सिद्ध करणार? म्हणून किटवर नंबर टाकायचा, हा पलटणीचाच नियम असे, आणि पूर्ण नंबर लांबलचक असला तर शेवटचे तीन-चार आकडे पुरायचे, तेवढ्यावरून कंपनीत माणूस ओळखता येतो. आपल्याकडे पंगतीला चार घरची पातेली एकत्र आली की बदलू नयेत म्हणून त्यांच्यावर नावं घातलेली असतात ना, तेच हे. इंदूरच्या बर्तन बाजारात भांडं घेतलं की अजूनही विचारतात, नाव घालायचं का म्हणून. फरक इतकाच की भांड्यावर नाव घालणारा कसबी असतो, अक्षर वळणदार येतं, आणि बॅजवर ज्याचं त्यानंच घातलेलं असतं.

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ज्याचं त्यानंच घातलेलं.

कारण फौजेनं शिपायाचं नाव कोरलं नाही असं नाही. कोरलं, आणि फार व्यवस्थित कोरलं. पहिल्या महायुद्धाची मेडलं बघा, कडेवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव, पलटण असं सगळं ठोकलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धात तर गंमत अशी की ब्रिटिश सैनिकांना जी मेडलं मिळाली त्यांवर नाव नसायचं, पण हिंदुस्तानी फौजेच्या मेडलांवर मात्र नावं घातली गेली. स्वातंत्र्यानंतरही आपण ती पद्धत चालू ठेवली, कुणाच्या घरी जुनं मेडल असेल तर कड बघा, नाव सापडेल. पण ते नाव इंग्रजीत असतं, कुणा कारकुनानं कानाला जसं लागलं तसं रजिस्टरात उतरवलेलं, आणि तिथून मशीनवर गेलेलं. मराठी आडनावांचे त्यात जे हाल झालेत ते बघवत नाहीत. एकाच घरातल्या दोन भावांची आडनावं दोन मेडलांवर दोन प्रकारची. शिपायाला त्यात कुणी विचारलेलं नसतं. मेडल हातात पडेपर्यंत बरेचदा तो घरी परतलेला असतो, किंवा मेडल घरी येतं आणि तो आलेला नसतो.

बॅजच्या मागचं खरवडणं हे त्याचं स्वतःचं. स्पेलिंग त्याचं, हात त्याचा. पहिल्या महायुद्धात हिंदुस्तानातून तेरा लाखांच्या वर माणसं फौजेत गेली, दुसऱ्यात पंचवीस लाख, आणि त्यातल्या साध्या शिपायांच्या हातचं लिहिलेलं आपल्याकडे किती आहे? पत्रं आहेत थोडी, पण ती बरीचशी दुसऱ्याकडून लिहून घेतलेली, कारण लिहायला येणारे कमीच. पेन्शनच्या कागदावर तर अंगठा. अशा माणसानं पितळेवर स्वतःहून चार रेघा ओढल्या असतील तर ती माझ्या दृष्टीनं सही आहे, आणि मी ती सहीसारखीच बघते.

लिहायला शिकलेले जे होते तेही बऱ्याचदा फौजेतच शिकलेले. हिंदुस्तानी फौजेची शिकवण्याची भाषा रोमन उर्दू होती, म्हणजे भाषा हिंदुस्तानी आणि लिपी इंग्रजी. त्यामुळे साताऱ्याकडचा किंवा रत्नागिरीकडचा एखादा पोरगा, जो गावी मोडीही शिकला नाही आणि बाळबोधही नाही, तो इंग्रजी एबीसीडी गिरवून अक्षरओळख करून घ्यायचा. मग बॅजच्या मागे इंग्रजी आद्याक्षरं दिसली की लगेच गोऱ्या साहेबाचा बॅज समजायचं कारण नाही. शिवाय साहेब लोकांचे बॅज बहुतेक वेगळेच असत, ब्राँझचे नाहीतर चांदीचे, मागे बनवणाऱ्या कंपनीचा शिक्का, आणि खरवडलेलं सहसा काही नाही. ज्याचं सामान नोकर सांभाळतो त्याला नंबर घालायची गरज पडत नसावी.

आता पुढच्या बाजूचं सांगते, कारण दोन्ही बाजू मिळून जे होतं ते बघण्यासारखं आहे. पुढची बाजू रोज घासायची, ब्रासो, म्हणजे पितळेचं पॉलिश लावून, फडक्यानं, चकाकली पाहिजे. वर्षानुवर्षं घासल्यावर पितळ झिजतं. मुकुटावरचे मणी जातात, अक्षरांच्या कडा जातात, सिंहाचं तोंड सपाट होतं. काही बॅज मी असे बघितलेत की पुढून पलटणीचं नाव बोटानं चाचपूनसुद्धा लागत नाही. आणि मागची बाजू कुणी घासत नाही. ती काळी पडते, तेलकट होते, कड्यांच्या बुडाशी हिरवा गंज धरते, पण तिथे खरवडलेला आकडा जसाच्या तसा राहतो. इतक्या शिस्तीनं जे जपलं ते झिजून गेलं आणि ज्याच्याकडे कुणी बघितलं नाही ते राहिलं.

हे वाचायचं कसं तेही सांगते, घरी एखादा बॅज असेल तर कामाला येईल. समोरून उजेड पाडला तर काही दिसत नाही. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च बॅजच्या अगदी कडेला आडवा धरा, उजेड पृष्ठभागावरून घसरत गेला पाहिजे. मग बॅज हळूहळू फिरवा. एका कोनात नुसते ओरखडे दिसतात, थोडा फिरवला की अचानक आकडा उभा राहतो. ज्या कोनात दिसला त्याच कोनात फोटो.

आमच्या घरात आजोबांचे धाकटे भाऊ फौजेत होते. आम्ही पोरं त्यांना भाऊआजोबा म्हणायचो. ते आधी होळकरांच्या इन्फंट्रीत आणि संस्थानं विलीन झाल्यावर भारतीय सैन्यात. हा भाग इंदूरबाहेरच्या लोकांना फारसा ठाऊक नसतो, की संस्थानांच्या फौजा मोडून टाकल्या नाहीत सगळ्या, बऱ्याचशा पलटणी भारतीय सैन्याच्या रेजिमेंटांमध्ये घेतल्या गेल्या. बडोद्याची पलटण मराठा लाइट इन्फंट्रीची वीस नंबरची बटालियन झाली, ग्वाल्हेरची कुमाऊं रेजिमेंटची चौदा नंबरची, म्हणजे चौदा कुमाऊं झाली, आणि इंदूरची पंधरा कुमाऊं. अजूनही त्या बटालियनच्या नावापुढे कंसात इंदूर लागतं. म्हणजे होळकरांचं राजचिन्ह टोपीवर लावणारा माणूस एका टप्प्यावर कुमाऊंचा सिंह लावायला लागला. त्या सिंहाच्या पंजात एक क्रॉस आहे आणि तो मूळचा रसेल नावाच्या इंग्रज घराण्याच्या चिन्हातला, हैदराबादच्या रेसिडेंटवरून, म्हणजे तिथल्या इंग्रजांच्या प्रतिनिधीवरून आलेला. कुठलं काय कुठे! इंदूरचा मराठी माणूस, उत्तराखंडातल्या डोंगरांच्या नावाची रेजिमेंट, निजामाच्या दरबारातल्या साहेबाच्या घरचा सिंह. पुढची बाजू अशी इतिहासानं ठरवलेली असते, त्यात शिपायाचं काही चालत नाही.

भाऊआजोबांचे दोन्ही बॅज आमच्या आत्याकडे होते, एका प्लास्टिकच्या डबीत, सुया-दोऱ्यांच्या डब्याशेजारी. तिनं ते मला दिले तेव्हा मी सवयीनं दोन्ही उलटे केले. पहिल्यावर तीन आकडे. दुसऱ्यावर चार, वेगळे, कारण नवीन सैन्यात नंबर नवीन. पण दोन्हीकडे आकड्यांच्या खाली एक खूण होती आणि ती खूण एकच होती. एक त्रिकोण, त्याच्या पोटात ठिपका, खाली आडवी रेघ. त्रिकोणाची डावी बाजू दोन्ही वेळा शेंड्याच्या थोडी पुढे गेलेली, म्हणजे हात तिथे थांबत नव्हता, खालून वर ओढताना टोक सटकत होतं, आणि मधे काही वर्षं गेली तरी ते तसंच सटकत होतं. पहिल्या बॅजवर रेघा खोल आहेत, दुसऱ्यावर उथळ, कदाचित पितळ कडक असेल किंवा वय झालं असेल.

मी आत्याला फोटो मोठा करून दाखवला. ती चष्मा लावून बघत राहिली आणि म्हणाली, "अगं हे तर कणगीवरचं." देवासकडच्या आमच्या खेड्यात धान्य भरून झालं की कणगी लिंपून बंद करायचे आणि त्या ओल्या मातीवर घरची खूण काढायचे, नंतर त्यावर गेरू. म्हणजे कुणी मधल्यामध्ये उघडली तर खूण मोडलेली दिसणार. तिनं लहानपणी तिच्या आजीला ती काढताना बघितलेलं. भाऊआजोबांना लिहिता-वाचता उत्तम येत होतं, नाव घालता आलं असतं, पण त्यांनी घरची खूण घातली. यावर मी खूप विचार केलाय. आकडा हवालदाराला दाखवायला होता, तो फौजेनं दिलेला आणि फौजेनंच बदललेला. खूण कुणाला दाखवायला नव्हतीच, बॅरकमध्ये ती कुणाला कळणारही नव्हती. टोपी घातली की ती कपाळाकडे तोंड करून आत राहणार. मला वाटतं त्यांना ती तिथे असलेली पुरेशी होती.

महूचं नाव वर आलं म्हणून एक गोष्ट सांगायचीच आहे. इंदूरपासून वीसेक किलोमीटरवरची ही छावणी. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावची लढाई झाली आणि त्याच आठवड्यात, ६ जानेवारीला, इकडे होळकरांचा इंग्रजांशी मंदसौरचा तह झाला, त्या तहानंतर महूची छावणी वसली. त्याच छावणीत १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेबांचा जन्म, वडील रामजी सकपाळ सुभेदार, फौजेच्या शाळेत शिकवणारे. पुढे महारांची भरती इंग्रजांनी बंद केली, पहिल्या महायुद्धात थोडा काळ उघडली, परत बंद, आणि शेवटी १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बॅजवर कोरेगावचा विजयस्तंभ होता. आता तो नाही, आता मशीनगनची जोडी आणि कट्यार आहे.

त्या स्तंभाच्या बॅजबद्दल विचार करताना मला नेहमी एकच वाटतं. कोरेगावचा खरा स्तंभ म्हणजे नावं कोरलेला दगड. साध्या शिपायांची नावं, त्यात शेवटी ‘नाक’ हा शब्द लागणारी महार शिपायांची नावं, दगडात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला साध्या शिपायाचं नाव दगडावर येणं ही काही रोजची गोष्ट नव्हती. तो नावांचा स्तंभ बारीक होऊन बॅजच्या पुढच्या बाजूला आला, इतका बारीक की त्यावर नाव दिसणं शक्यच नाही. आणि ज्या शिपायानं १९४१ नंतर तो बॅज लावला, ज्याच्या बापाला किंवा चुलत्याला जातीमुळे भरतीच्या रांगेतून परत पाठवलेलं असू शकतं, त्यानं मागे आपला नंबर घातला असेल तर तो नंबर त्या स्तंभाच्या पाठीवर आहे. नावांच्या यादीत आपली भर घातल्यासारखं. नंबर मिळणं म्हणजेच आत घेतलं जाणं होतं. मला हे लिहितानाही भरून येतं.

खोट्या बॅजांबद्दल थोडक्यात, कारण आता ऑनलाइन खूप विकले जातात. ओरखडा नवीन असेल तर आतून पिवळा चमकतो आणि कडेला धातूची बारीक धार बोटाला लागते. जुना असेल तर आतला रंग आणि बाहेरचा रंग एकच, काळपट, धार मऊ झालेली. सगळ्यात दुष्ट प्रकार म्हणजे खऱ्या बॅजवरून साचा घेऊन ओतलेली नक्कल. त्यात मागचा नंबरही ओतला जातो. आकडा दिसतो पण त्याच्या कडा गोलसर, तळाशी बारीक बारीक खड्डे, आणि दुसऱ्या ठिकाणी तोच बॅज बघितला तर तोच नंबर, त्याच जागी, त्याच तिरकेपणानं. एका माणसानं एकदाच केलेली खूण बाजारात डझनांनी. मला याचा खरंच संताप येतो, खोट्या पितळेचा नाही, त्या नंबरचा.

नंबरवरून माणूस सापडतो का, असं सगळे विचारतात. नुसत्या नंबरवरून नाही, कारण जुन्या पद्धतीत प्रत्येक पलटणीचे नंबर वेगळे चालायचे, तोच नंबर दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याचा. पलटण आणि पूर्ण नंबर दोन्ही हातात असेल तर मार्ग निघू शकतो. माणूस युद्धात गेलेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत शोधता येतं, दोन्ही महायुद्धांची मिळून सतरा लाखांच्या आसपास नावं आहेत तिथे आणि नंबर टाकून शोधायची सोय आहे. पण जिवंत परतलेल्यांची अशी यादी नाही. म्हणजे मेलेला शिपाई शोधायला सोपा आणि जगलेला अवघड, हे मला पचायला वेळ लागला. जगलेल्याला शोधायला घरचे लोक लागतात.

शिवाय एका बॅजवर दोन-दोन नंबर असतात. वरचा रेघ मारून खोडलेला, खाली दुसरा. बॅज स्टोअरमध्ये जमा झाला आणि पुढच्या रिक्रूटला दिला गेला. खोडायची पद्धतही माणसागणिक वेगळी. एकानं जुना नंबर इतका गिचमिड करून टाकलाय की खालचं काही वाचता येत नाही. दुसऱ्या एका बॅजवर मात्र आधीच्या नंबरावर एकच बारीक रेघ आहे, वाचता येईल अशी, आणि नवा नंबर त्याच्या शेजारी, त्याच उंचीचा, जागा जुळवून लिहिलेला. तो दुसरा माणूस कोण होता मला ठाऊक नाही, पण मला तो आवडतो.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. इंदुरात जुनी घरं भराभर रिकामी होताहेत, जुन्या इंदूरकडचे वाडे, राजवाड्यामागच्या गल्ल्यांमधली घरं, आणि त्यातली पितळ कसेरा बाजारात किलोवर जाते. समया, परात, घंगाळ, आणि त्यातच एखादी डबी. बॅज वजनाला काहीच नसतो, कुणी बघत नाही, वितळतो. विकू नका असं मी म्हणणार नाही, प्रत्येकाच्या घरी जागेची आणि पैशाची अडचण असते. पण द्यायच्या आधी एकदा उलटा करा, टॉर्च आडवा धरा, फोटो काढा. घरात जे सगळ्यात म्हातारं माणूस असेल त्यांना तो फोटो दाखवा, मोठा करून, आणि ते काय म्हणतात ते त्याच वेळी लिहून घ्या, संध्याकाळपर्यंत थांबू नका. ठेवणार असाल तर सोबत चिठ्ठी ठेवा, कुणाचा, कुठल्या पलटणीचा, घरात त्यांना काय म्हणायचे. आमच्या डबीतली चिठ्ठी आत्यानं स्वतः लिहिलीये आणि कणगीची खूणही तिनंच पेननं काढून दिलीये. आणि पुढून हवं तेवढं घासा, पण मागे ब्रासो लावू नका.